अनुदान कागदावर, गोठा वाऱ्यावर

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने गोशाळांमधील देशी गायींच्या परिपोषणासाठी प्रत्येक गायीमागे दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे पदरमोड करून गोशाळा चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना या निर्णयाने किती दिलासा मिळाला असेल, हे वेगळे सांगायला नको. भाकड गायी, रस्त्यावर सोडलेली वासरे, कत्तलीच्या वाटेवरून सोडवून आणलेले गोधन यांचा चारा-पाणी-औषधाचा भार ज्यांनी देणग्यांच्या आधारावर पेलला, त्यांच्या कार्याची शासनदरबारी नोंद झाली ही समाधानाचीच गोष्ट आहे.

या समाधानाचा भर ओसरल्यावर एक साधा हिशेब मात्र मांडून पाहायला हवा. दिवसाला ५० रुपये म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे मिळून एका संपूर्ण शेतकरी कुटुंबाच्या खात्यात वर्षाकाठी १२,००० रुपये जमा होतात. गोशाळेतील एका गायीसाठी शासन जेवढे खर्च करते, तेवढे ते या दोन योजनांतून एका शेतकरी कुटुंबासाठी करीत नाही. गाय आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करण्यासाठी हा हिशेब मांडलेला नाही. प्रश्न पुढचा आहे. त्याच शेतकऱ्याच्या दावणीला जी गाय उभी आहे, तिच्यासाठी या निर्णयात काय आहे? काहीही नाही. ती जोवर शेतकऱ्याच्या गोठ्यात आहे तोवर तिच्या वैरणीची चिंता त्याने एकट्याने वाहायची; त्याला ती परवडेनाशी झाली आणि त्याने ती गोशाळेच्या दारात आणून सोडली, की दुसऱ्या दिवसापासून ती ५० रुपयांना पात्र! राज्यमातेच्या सन्मानाची ही रीत थोडी चमत्कारिक आहे. आई घरात असेपर्यंत विचारपूस करायची नाही आणि ती वृद्धाश्रमात गेली की तिथले शुल्क न चुकता भरायचे, असाच हा व्यवहार झाला.

हा व्यवहार कुठे आणि कसा घडतो आहे, हे पाहायचे असेल तर पुण्याच्या वाचकाला फार दूर जायला नको. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड असे करीत आपण मुळशी तालुक्यात शिरतो. एका टोकाला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट, जिथे २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस कोसळला. या दोन टोकांच्या मधे भाताची खाचरे, डोंगरउतारावरचे वरकस, धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वस्त्या. आंबेमोहोराच्या सुगंधासाठी ज्या मावळपट्ट्याचे नाव घेतले जाते, तो हाच. इथली शेती एका पिकाची, आणि ते पीक सर्वस्वी जनावराच्या आधाराने उभे राहिलेले. उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून तरव्याची जमीन भाजायची, तो राब. आषाढात खाचरात पाणी तुंबले की बैलजोडी घालून चिखलणी करायची, मग आवण. पीक निघाले की मळणी, आणि मळणीनंतर उरलेल्या पेंढ्याची उडवी, जी पुढचे वर्षभर त्याच बैलांच्या मुखी लागायची. शेताने जनावर पोसायचे आणि जनावराने शेत, असे हे चक्र. यात बाहेरून काही विकत आणावे लागत नसे आणि म्हणूनच बहुधा कोणत्याही योजनेच्या रकान्यात ते कधी बसले नाही.

शासकीय पैसा मुळशीत येतो तेव्हा तो कागदाच्या मागे जातो, माणसाच्या मागे नाही, ही गोष्ट इथे आज पहिल्यांदा घडत नाही. १९२१ मध्ये रामनवमीला सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आपल्याला सेनापती बापटांच्या नावामुळे आठवतो. मुळा-नीलेच्या खोऱ्यातील सुमारे ५२ गावांवर टाटांच्या धरणाचे पाणी येणार होते. मुंबईला वीज हवी होती. त्या लढ्याची एक बाजू मात्र आपण सहसा सांगत नाही. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या नावावर चढलेल्या होत्या आणि त्या कसत होते मावळे. मावळ्याला त्याचे खाचर हवे होते. सावकारांपैकी अनेकांना भरपाईचा आकडा वाढवून हवा होता. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यात हा अंतर्विरोध त्यांनी स्पष्टपणे मांडला आहे. शेवटी पैसा ज्याच्या नावावर कागद होता त्याच्याकडे गेला आणि चिखलात उभा असलेला डोंगरावर चढला. आज सुखवस्तू पुणेकर ज्या जलाशयाच्या काठी सहलीला जातात, त्याच्या तळाशी हा हिशेब पडलेला आहे.

शंभर वर्षांनंतर कागदाचे नाव सातबारा आहे एवढाच फरक. २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचा लाभ जमीनधारक कुटुंबाला मिळतो, आणि १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर असणे ही त्याची अट आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांना आणि चांगले निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना त्यातून वगळले आहे, हे उत्तमच. परंतु जो दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने कसतो, तो या योजनेच्या लेखी शेतकरीच नाही. कसणाऱ्याला मालक करावे म्हणून १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि लाखो कुळे जमिनीची मालक झाली. त्या कायद्याचे उपकार कुणी नाकारणार नाही. पण कूळ लागेल या भीतीने त्यानंतर मालकाने कसणाऱ्याला चिठोरेसुद्धा लिहून देणे बंद केले. तोंडी व्यवहाराने शेती करणारा तो माणूस अनुदानाच्या यादीत, पीक विम्यात, नुकसानीच्या पंचनाम्यात कुठेच सापडत नाही. मुळशीत तर जमिनींना सोन्याचा भाव आला. विकून मोकळे झालेले आणि विकून फसलेले अशा दोघांची गोष्ट २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. चित्रपटात न दिसलेला तिसरा माणूस म्हणजे विकण्यासारखे काही नसलेला. डोंगरातला गवळी धनगर घ्या. गायी-म्हशी, दूध, लोणी हाच त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. ज्याच्याकडे जनावर सर्वांत जास्त, त्याच्याकडे कागद सर्वांत कमी!

दुधाचे पाच रुपये

कुणी म्हणेल, जमिनीचे राहू द्या, गायीसाठी शासनाने दुधाचे अनुदान दिलेच की. दिले आहे. दूध भुकटीचे आणि लोण्याचे भाव कोसळले की आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर पडतो, शेतकरी दूध रस्त्यावर ओततात आणि शासन लिटरमागे काही रुपये जाहीर करते. २०१८ च्या जुलैमध्ये राजू शेट्टी यांच्या आंदोलनानंतर लिटरमागे ५ रुपये जाहीर झाले. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा ५, त्याच वर्षी जुलैत पुन्हा ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये. अडचणीतल्या दूध उत्पादकाला हात दिला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

परंतु लिटरवर मोजलेले अनुदान कोणत्या गायीला मिळते, हेही पाहिले पाहिजे. संकरित गाय दिवसाला २० लिटर दूध देत असेल तर पाच रुपयांच्या हिशेबाने तिच्या मालकाला १०० रुपये मिळाले. डांगरी भागातली गावठी किंवा डांगी गाय दोन लिटर देते. तिच्या मालकाचे १० रुपये झाले, तेही तिचे दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचले तर. घरातल्या पोरांनी ते प्यायले तर तेवढेही नाहीत. आणि बैल? तो तर दूधच देत नाही. म्हणजे दुधाच्या अनुदानाने नकळत का होईना, शेतकऱ्याला असा संदेश दिला की देशी गाय काढ, होल्स्टीन किंवा जर्सीची संकरित आण. त्याने तो ऐकला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात देशी गायी ४६ लाख १३ हजार ६३२ एवढ्याच मोजल्या गेल्या. त्याआधीच्या गणनेच्या तुलनेत ही घट २०.६९ टक्के. दर पाच गायींतली एक गेली. गंमत अशी की राज्यमातेच्या घोषणेच्या वेळी शासनाने चिंता व्यक्त करताना हेच आकडे पुढे केले. घट का झाली, याचे उत्तर काही अंशी तरी शासनाच्याच अनुदानांच्या तक्त्यात दडलेले आहे, हे मात्र कुणी बोलले नाही.

यात संकरित गायीला दोष देण्याचा हेतू नाही. महात्मा गांधींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला आलेल्या मणिभाई देसाईंनी तिथे गीर गायींचा सांभाळ केला, दूध वाढवून दाखवले आणि १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था उभी करून संकराचे तंत्र खेड्यापाड्यांत नेले. त्यांचा डोळा गरीब शेतकऱ्याच्या रोजच्या उत्पन्नावर होता आणि पुणे जिल्ह्यातील हजारो कुटुंबांच्या चुली त्या दुधावर पेटल्या. मणिभाईंच्या कामातली आज विसरलेली गोष्ट दुसरीच आहे. त्यांनी शेतकऱ्याला गाय घेऊन केंद्रावर बोलावले नाही. कृत्रिम रेतनाची सेवा घेऊन त्यांचा माणूस शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत गेला. बागायती, कोरड्या हवेच्या भागात संकरित गाय रुळली. ताम्हिणीच्या धुवाधार पावसात, गुडघाभर चिखलात तिचा निभाव लागणे कठीण. तिथे डांगीसारखाच गोवंश हवा, जिच्या कातडीवर तेलकट स्राव असतो आणि पाऊस जिच्या अंगावरून निथळून जातो. अकोले-इगतपुरीच्या डोंगरांत शेतकऱ्यांनी हा गोवंश कोणत्याही अनुदानाविना जपला. त्याचे मोल लिटरमध्ये मोजण्याचा हट्ट धरला तर तो हरणारच.

बैल कुणाच्या हिशेबात?

बैलाची कथा याहून करुण आहे. गोवंशहत्याबंदीचा जो कायदा विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केला, त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटायला २०१५ उजाडले. गायींना १९७६ च्या कायद्याने संरक्षण होतेच. २०१५ पासून ते बैल आणि वळूंनाही मिळाले. अनेक दशकांच्या तपश्चर्येचे ते फळ होते आणि त्या कायद्यामागची भावना तसूभरही कमी लेखण्याचे कारण नाही. पण कायदा करणाऱ्या समाजावर एक दायित्व येते. म्हातारा बैल विकायचा नाही असे आपण शेतकऱ्याला सांगितले, तेव्हा त्या बैलाच्या उरलेल्या पाच-सात वर्षांची वैरण कोण देणार, हेही आपणच सांगायला हवे होते. आपण पुण्यात पेढे वाटले. वैरणीचे बिल मुळशीच्या शेतकऱ्याच्या दावणीला बांधून ठेवले. बैल पुढे विकता येणार नाही हे कळल्यावर तरुण शेतकऱ्याने नवा खोंड घेण्याआधी दहा वेळा विचार केला, यात त्याचा अधर्म काय?

दुसऱ्या बाजूने कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत पॉवर टिलरवर अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान आहे. डोंगरातल्या छोट्या खाचरात पॉवर टिलर सोयीचा आहे, माणसाचे कष्ट वाचवतो. तो नको असे शहरात बसून म्हणणे हा शुद्ध ढोंगीपणा ठरेल. मुद्दा एवढाच की यंत्र घेणाऱ्याला निम्मी किंमत आणि बैल सांभाळणाऱ्याला शून्य, असा तराजू शासनानेच धरला आहे. खताचेही तेच. २०२२-२३ या एका वर्षात केंद्राचे खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा वाटा सरकार कंपनीला देते. जो शेतकरी शेणखतावर भात पिकवतो, तो युरियाची गोणी घेत नाही आणि म्हणून त्या अडीच लाख कोटींतला एक रुपयाही त्याच्या वाट्याला येत नाही. सेंद्रिय शेतीवर भाषणे झडतात, ती याच वर्षांत.

अनुदानाने शेतकरी आळशी होतो, असा एक आवडता सिद्धांत मध्यमवर्गात ऐकू येतो. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीची इक्रिअर ही संस्था यांनी २०१८ मध्ये एकत्रितपणे केलेला अभ्यास या मंडळींनी जरूर पाहावा. २००० ते २०१६ या काळात निर्यातबंदी, साठ्यांवरील निर्बंध यांसारख्या धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचे जे नुकसान झाले, ते त्याला मिळालेल्या सर्व अनुदानांपेक्षा जास्त होते. एकत्र हिशेब केला तर त्याच्या ढोबळ उत्पन्नातून वर्षाला सरासरी १४ टक्के काढून घेतले गेले. शरद जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणत, ती हीच. एका हाताने १४ घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने दोन देऊन छायाचित्र काढायचे. दत्तोपंत ठेंगडी यांनी स्थापन केलेल्या भारतीय किसान संघाने १९ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जी 'किसान गर्जना' केली, तिची पहिली मागणी अनुदानाची नव्हतीच. खर्चावर आधारित लाभकारी मूल्याची होती.

युरोपचा अनुभवही डोळ्यांआड करू नये. २००३ च्या कानकून परिषदेच्या सुमारास एक वाक्य जगभर गाजले होते: युरोपातील गायीला रोज दोन डॉलरहून अधिक अनुदान मिळते आणि जगातली कोट्यवधी माणसे त्याहून कमी पैशांत दिवस काढतात. टीकेने त्रासलेल्या युरोपने मग उत्पादनाऐवजी हेक्टरवर पैसे द्यायला सुरुवात केली. परिणाम काय झाला? मोठ्या जमीनधारकाला मोठी रक्कम, लहानाला चिल्लर. ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांकडे. २०२४ च्या प्रारंभी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर उभे राहिले, ते इतके सारे पैसे वाटूनही. पैसा जमिनीच्या कागदाला बांधला की तो कुठे जातो, हे मुळशीला १९२१ पासून ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोशाळा अनुदानाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०२५ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांसाठी, ५६० गोशाळांमधील ५६ हजारांहून अधिक देशी गायींकरिता सुमारे २५ कोटी रुपये वितरित झाले. २०१९ च्या गणनेतील ४६ लाखांशी ताडून पाहिले तर शंभरातील जेमतेम एका गायीपर्यंत हा पैसा पोहोचला. उरलेल्या नव्व्याण्णव शेतकऱ्यांच्या गोठ्यांत आहेत. गोवंशाचे भवितव्य त्या नव्व्याण्णवांवर ठरणार आहे, कारण वंश गोठ्यात वाढतो. गोशाळा हा आपत्काळातला आसरा आहे; तिथे प्रामुख्याने भाकड, जखमी, सोडलेली जनावरे असतात. आणि गोठे ओस पडत गेले तर गोशाळेची दावण कितीही लांबवली तरी ती पुरणार नाही, हे गोशाळा चालवणारे कार्यकर्तेच अधिक पोटतिडकीने सांगतील.

गोठ्याला थेट मदत देणे अशक्य आहे काय? गुजरातने २०२० मध्ये नैसर्गिक शेती करणाऱ्या शेतकऱ्याला एका देशी गायीच्या सांभाळासाठी महिना ९०० रुपये, म्हणजे वर्षाला १०,८०० रुपये देण्याची योजना आणली. उत्तर प्रदेशने २०१९ पासून निराश्रित गोवंश घरी नेऊन सांभाळणाऱ्याला दिवसाला ३० रुपये दिले आणि २०२३ मध्ये ते ५० केले. एका कुटुंबाला चार जनावरांपर्यंत. उत्तर प्रदेशातही तक्रारी झाल्या, पैसे रखडले, हे खरे. पण दिशा पाहा. तिथे पैसा जनावराबरोबर शेतकऱ्याच्या दारात जातो.

महाराष्ट्रातील प्रत्येक देशी गायीसाठी दिवसाला १० रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला सुमारे १,६८४ कोटी रुपये लागतील. रक्कम लहान नाही. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नमो शेतकरी योजनेचा जो पहिला हप्ता ८६ लाख शेतकऱ्यांना दिला गेला, तो एक हप्ताच १,७२० कोटींचा होता. सगळ्या गायींसाठी एकदम जमत नसेल तर कुटुंबामागे दोन जनावरांची मर्यादा घालावी, बैलजोडी त्यात धरावी, आणि सुरुवात डोंगरी, अतिपावसाच्या तालुक्यांपासून करावी. मुळशी, वेल्हे, मावळ, भोर हे चार तालुके घेतले तरी पुणे जिल्ह्यात प्रयोग उभा राहील. सातबारा मागू नये. जनावर दावणीला आहे की नाही, एवढेच पाहावे. ते पाहण्यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. २०२४ मध्ये दुधाचे अनुदान देताना शासनाने गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, मालकाचे आधार आणि त्याचे बँक खाते यांची जोडणी सक्तीची केली होती. त्या वेळी पशुधन अधिकारी आणि दूध संस्थांचे सचिव रात्री जागून ही माहिती भरत होते. ज्या गायींची जोडणी त्या वेळी झाली, त्यांचे क्रमांक शासनाकडे आजही आहेत. ज्यांची झाली नाही, त्या बहुतेक डोंगरातल्या आहेत, आणि बिल्ले मारणाऱ्या पथकाला तिथवर जायला पौडपासून फार तर एक दिवस लागेल.